अम्लपर्जन्य आणि गणिती प्रतिमानांची परीक्षा

आकाशांतून पडणारें पाणी सर्व पाण्यांत निर्मळ, ही समजूत बहुतेक सर्व देशांत रूढ आहे. जमिनीवरील पाण्याला तोंड न लावणाऱ्या चातकाची आपल्याकडील कथा याच समजुतींतून जन्मास आली. पावसाचें पाणी मळतें तें भूमीला स्पर्श झाल्यानंतर. ढगांत असतांना तें शुद्धच असतें, हा विचार केवळ सामान्य माणसाचाच नव्हे, तर पुष्कळ काळपर्यंत विद्वानांचाहि होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं या समजुतीला पहिला धक्का बसला. तेथून जी विचारपरंपरा सुरू झाली, ती पुढें शंभर-सव्वाशें वर्षांनीं संगणकांत मांडलेल्या गणितापर्यंत, आणि त्या गणितावर विश्वास ठेवावा कीं नाहीं या बिकट प्रश्नापर्यंत येऊन पोंचली. त्या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

रॉबर्ट अँगस स्मिथ नांवाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८५२ सालीं मँचेस्टर व त्याच्या आसपास पडणाऱ्या पावसाचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. शहरापासून दूर रानांत पडणारा पाऊस एका प्रकारचा, वस्तीजवळचा दुसऱ्या प्रकारचा, आणि प्रत्यक्ष शहरावर पडणारा पाऊस मात्र गंधकाम्लानें युक्त, असें त्याला आढळून आलें. कापडाचे रंग फिके पडतात, धातु गंजतात, याचें कारण गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा कोळशाचा धूर होय, हें त्यानें दाखवून दिलें. १८७२ सालीं त्यानें हवा व पाऊस यांच्या रसायनशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांत ‘अम्लपर्जन्य’ या अर्थाचा शब्दप्रयोग केला. परंतु स्मिथची दृष्टि शहरापुरती होती. धूर शहरांत आहे, तेव्हां उपद्रवहि शहरांतच, असें त्या काळीं सर्वांना वाटे. पुढील शतकांत हा उपद्रव टाळण्यासाठीं धुराडीं उंच बांधण्यांत आलीं. शहराच्या डोक्यावरचा धूर कमी झाला आणि लोकांनीं समाधानाचा सुस्कारा टाकला. तो धूर गेला कोठें, याची विचारपूस कोणी केली नाहीं.

ही विचारपूस करण्याची पाळी आली ती नॉर्वे व स्वीडन या देशांवर. दक्षिण नॉर्वेंतील नद्यांतून साल्मन व ट्राउट हे मासे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच कमी होऊं लागले होते. १९५९ सालीं आल्फ डॅनेव्हिग या नॉर्वेजियन मत्स्यतज्ज्ञानें पाण्याची वाढती अम्लता व मासळीचा ऱ्हास यांचा संबंध परदेशांतून येणाऱ्या धुराशीं जोडला. परंतु त्याच्या म्हणण्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९६७ सालीं स्वीडनमधील मृत्तिकाशास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यानें स्टॉकहोमच्या एका प्रमुख दैनिकांत लेख लिहून सांगितलें कीं, ब्रिटन व मध्य युरोप येथील कोळसा व खनिज तेल यांचा धूर वाऱ्याबरोबर शेंकडों मैल येतो आणि स्कँडिनेव्हियावर अम्लाच्या रूपानें कोसळतो. या लेखानें मोठी खळबळ उडाली. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणविषयक परिषद भरली, तेव्हां स्वीडननें हें गाऱ्हाणें सर्व जगापुढें मांडलें. त्याच सुमारास अमेरिकेंत जीन लाइकेन्स, हर्बर्ट बॉरमन व त्यांचे सहकारी न्यू हॅम्पशायर संस्थानांतील हबर्ड ब्रूक या अरण्यांत १९६३ पासून पावसाचें व ओढ्यांचें पाणी तपाशीत होते. कारखान्यांपासून इतक्या दूरच्या डोंगराळ रानांतहि पाऊस अम्लयुक्त आहे, असें त्यांनीं प्रसिद्ध केलें.

येथें अम्लता मोजण्याच्या मापाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. या मापास ‘पीएच’ म्हणतात. उदासीन पाण्याचा पीएच सात असतो. आंकडा जसजसा खालीं येतो तसतशी अम्लता वाढत जाते, आणि एका अंकाचा फरक म्हणजे अम्लतेंत दहापट फरक. हवेंतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळें स्वच्छ पावसाचा पीएचहि सुमारें ५·६ असतो. हबर्ड ब्रूकच्या पावसाचा पीएच चाराच्या आसपास भरला. म्हणजे तो पाऊस स्वच्छ पावसाच्या तीस-चाळीसपट अम्लयुक्त होता.

आतां कोणासहि असें वाटेल कीं, पाऊस अम्लयुक्त आहे, मासे मरत आहेत, मग कारण शोधावयास आणखी काय पाहिजे? परंतु प्रश्न तितका सरळ नव्हता. गंधकाचा धूर अडविणारीं यंत्रें वीजकेंद्रांना बसवावयाचीं तर त्यासाठीं अपार द्रव्य खर्च होणार होतें. तें द्रव्य ज्यांना द्यावें लागणार होतें ते देश साहजिकच पुरावा मागूं लागले. शास्त्रज्ञांतहि एकवाक्यता नव्हती. नॉर्वेचे भूशास्त्रज्ञ इव्हान रोझेनक्विस्ट यांनीं सत्तरीच्या दशकांत असें प्रतिपादन केलें कीं, तळ्यांच्या अम्लतेचें मूळ आकाशांत नसून जमिनींत आहे. पूर्वीं डोंगरांवर गुरें चरत, गवत कापलें जाई. पुढें लोकांनीं तीं कुरणें सोडलीं, तेथें झाडोरा व पालापाचोळा वाढला आणि त्या कुजणाऱ्या थरांतून अम्ल पाझरूं लागलें. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारण वनांतील माती स्वभावतःच अम्लयुक्त असते आणि पावसाचें पाणी तळ्यांत पोंचण्यापूर्वीं बहुधा त्या मातींतूनच जातें.

अशा रीतीनें सर्व वादाचें केंद्र आकाशांतून उतरून जमिनीवर आलें. ज्या भूभागावर पडलेलें पाणी एकाच ओढ्यांत किंवा तळ्यांत उतरतें, त्यास आपण पाणलोट क्षेत्र म्हणतों. पाऊस या क्षेत्रांत शिरतो आणि ओढा तेथून बाहेर पडतो. या दोहोंच्या मध्यें काय घडतें, हा मुख्य प्रश्न होय.

एखाद्या घराण्याच्या जमाखर्चाची उपमा घेतली तर तें सहज समजेल. मातींच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखीं अल्कधर्मी द्रव्यें चिकटून असतात. तें त्या भूमीचें सांठविलेलें धन होय. खालचा खडक हळूहळू झिजतो आणि त्यांतून नवीं अल्कधर्मी द्रव्यें मातींत येतात. ती तिची वार्षिक प्राप्ति होय. अम्लयुक्त पाऊस म्हणजे दारीं येणारा खर्च. प्राप्ति मोठी असेल, म्हणजे खालीं चुनखडीचा दगड असेल, तर कितीहि खर्च आला तरी भागून जातो. परंतु खालीं ग्रॅनाइटसारखा कठीण खडक असेल आणि मातीचा थर पातळ असेल, तर प्राप्ति अगदीं अल्प असते. अशा वेळीं भूमि मुद्दलांतून खर्च करूं लागते. ओढ्याचें पाणी प्रथम कांहीं वर्षें चांगलेंच दिसतें. वरवर पाहणाऱ्यास घराणें सुस्थितींत आहे असेंच वाटतें. मुद्दल संपत आलें म्हणजे मात्र अम्ल तसेंच पुढें वाहूं लागतें आणि आपल्याबरोबर मातींतील अॅल्युमिनियम विरघळवून नेतें. हा अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतो आणि ते गुदमरून मरतात.

या जमाखर्चाचें उत्कृष्ट उदाहरण न्यू यॉर्क संस्थानांतील अॅडिराँडॅक डोंगरांत सांपडलें. तेथें वुड्स व पँथर नांवांचीं दोन तळीं एकमेकांपासून फार दूर नाहींत. दोहोंवर पाऊस सारखाच अम्लयुक्त पडतो. तरी वुड्स तळें अम्लयुक्त झालेलें, तर पँथर जवळजवळ उदासीन. शोध करतां असें दिसून आलें कीं, पँथरच्या पाणलोटांत हिमनद्यांनीं आणून टाकलेल्या मातीदगडांचा थर जाड आहे. पाणी त्यांत खोल मुरतें, पुष्कळ काळ रेंगाळतें आणि अल्कधर्मी द्रव्यें घेऊन तळ्यांत येतें. वुड्सच्या पाणलोटांत हा थर पातळ असल्यानें पाणी वरच्यावरच वाहून तळ्यांत उतरतें. तात्पर्य, केवळ पाऊस मोजून तळ्याचें भवितव्य सांगतां येत नाहीं. पाण्याची वाट व भूमीचें धन यांचाहि हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब मांडण्याचे यत्न सत्तरीच्या अखेरीस सुरू झाले. नॉर्वेचे आर्ने हेन्रिक्सेन यांनीं १९७९ सालीं अगदीं सोपी रीति सुचविली. प्रयोगशाळेंत अल्कद्रावणांत थेंबथेंब अम्ल टाकतात, त्याप्रमाणेंच सर्व तळें म्हणजे एक चंचुपात्र आणि पाऊस म्हणजे त्यांत पडणारें अम्ल, असें त्यांनीं मानलें. या रीतीनें कोणतें तळें धोक्यांत आहे तें ओळखतां येई. परंतु तें केव्हां बिघडेल आणि पाऊस सुधारल्यास केव्हां सुधारेल, हें सांगतां येत नसे. त्यासाठीं काळाचा हिशेब हवा होता. १९८२ सालीं क्रिस्टोफरसेन, साइप व राइट यांनीं दक्षिण नॉर्वेंतील बिर्केनेस येथील सुमारें ४१ हेक्टरांच्या छोट्या पाणलोटासाठीं एक गणिती प्रतिमान रचलें. त्यांत जमिनीचे वरचा व खालचा असे दोन कप्पे कल्पून, पाणी व सल्फेट यांच्या ये-जा दररोज मोजली जाई. वुड्स व पँथर तळ्यांच्या अभ्यासांतून याहूनहि फार गुंतागुंतीचें दुसरें प्रतिमान निर्माण झालें.

परंतु सर्वांत अधिक प्रचारांत आलें तें ‘मॅजिक’ नांवाचें प्रतिमान. हें नांव इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलें. त्याचा जादूशीं कांहीं संबंध नाहीं. व्हर्जिनिया विद्यापीठाचे कॉस्बी, हॉर्नबर्गर व गॅलोवे यांनीं नॉर्वेच्या राइट यांच्या सहकार्यानें १९८५ सालीं तें प्रसिद्ध केलें आणि प्रथम व्हर्जिनियांतील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानांतल्या व्हाइट ओक रन या ओढ्यास लावून पाहिलें. त्याची रचना मुद्दामच साधी ठेवली होती. सर्व पाणलोटाची माती म्हणजे एक मोठा कप्पा. त्यांत मातीच्या कणांवरील द्रव्यांची अदलाबदल, सल्फेटचें धरून ठेवणें, अॅल्युमिनियमचें विरघळणें, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आणि खडकाची झीज, एवढ्याच क्रियांचीं समीकरणें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पावसांतील गंधक कसकसें वाढत गेलें याचा अंदाज संगणकास द्यावयाचा, आणि वर्षामागून वर्ष हिशेब करीत आजपर्यंत यावयाचें. आजच्या ओढ्याचें पाणी व आजची माती यांच्याशीं उत्तर जुळलें, कीं तोच हिशेब पुढें पन्नास वर्षें चालवावयाचा. कारखान्यांचा धूर निम्मा केला तर काय होईल, तिसऱ्या हिश्शानें कमी केला तर काय होईल, हें मग कागदावर दिसूं लागतें.

येथें खरी अडचण उत्पन्न होते. प्रतिमानांतील कित्येक आंकडे प्रत्यक्ष मोजतां येत नाहींत. सबंध पाणलोटांतील खडक दरवर्षीं किती झिजतो, हें कोण मोजणार? म्हणून ते आंकडे असे निवडले जातात कीं, उत्तर आजच्या ओढ्याशीं जुळावें. शाळेंतील एखादा चतुर विद्यार्थी अंकगणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर आधीं पाहतो आणि मग तें उत्तर येईल अशा बेतानें मधल्या पायऱ्या लिहितो. त्याचें उत्तर बरोबर असतें. पण त्याला गणित येतें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. प्रतिमानाचेंहि तसेंच आहे. ज्या माहितीवरून तें जुळविलें, त्याच माहितीशीं तें जुळतें, ही कांहीं परीक्षा नव्हे. आणि येथें परीक्षा चुकली तर हानि केवढी! प्रतिमानानें संकट वाढवून सांगितलें तर राष्ट्रांचें कोट्यवधि द्रव्य वायां जाणार. कमी करून सांगितलें तर हजारों तळीं निर्जीव होणार आणि एकदां वाहून गेलेलें भूमीचें धन कित्येक पिढ्यांत परत येणार नाहीं. म्हणून ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नाहीं, असे प्रश्न प्रतिमानास घालणें भाग होतें.

पहिली परीक्षा पाण्याच्या वाटेची झाली. बिर्केनेसच्या प्रतिमानांत पाणी ज्या कप्प्यांतून जातें असें मानलें होतें, तसें तें खरोखर जातें काय, हें पाहण्यासाठीं प्राणवायूच्या जड प्रकाराचा उपयोग करण्यांत आला. पावसाच्या पाण्यांत या जड प्राणवायूचें प्रमाण वेळोवेळीं बदलतें. त्यामुळें ओढ्यांतील पाणी कालच्या पावसाचें कीं जुनें मुरलेलें, हें ओळखतां येतें. शोधाअंतीं असें दिसलें कीं, पुराच्या वेळींहि ओढ्यांत येणारें पाणी बव्हंशीं जमिनींत आधींपासून सांठलेलें असतें. प्रतिमानांतील वाटा या पुराव्याशीं नीट जुळेनात. शिवाय त्यांतील कित्येक आंकडे निरनिराळे घेतले तरी ओढ्याचें उत्तर जवळजवळ तेंच येतें, हेंहि उघडकीस आलें. म्हणजे बेरीज बरोबर असूनहि मधल्या रकमा चुकलेल्या असूं शकतात.

दुसरी परीक्षा याहून धाडसाची होती. निसर्गांतील पाऊसच बदलून पाहावयाचा! नॉर्वेंत १९८३ च्या सुमारास राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा प्रयोग आरंभिला. पश्चिमेकडील सोग्नडाल येथील डोंगर तोंपर्यंत अम्लपर्जन्यापासून मुक्त होता. तेथील छोट्या पाणलोटांवर मुद्दाम अम्लयुक्त पाणी शिंपण्यांत आलें. दक्षिणेकडील रिस्डाल्सहेया येथें उलट प्रकार. तेथील पाऊस अत्यंत अम्लयुक्त. म्हणून ८६० चौरस मीटरांच्या एका पाणलोटावर पारदर्शक छप्पर उभारलें, वरचा पाऊस बाहेर काढून दिला आणि छपराखालीं शुद्ध केलेलें पाणी, समुद्रावरून येतात तेवढेच क्षार मिसळून, शिंपलें. केवळ छपरामुळेंच कांहीं फरक पडतो कीं काय, ही शंका राहूं नये म्हणून शेजारीं दुसरें छप्पर घालून त्याखालीं मूळचाच अम्लयुक्त पाऊस परत शिंपला, आणि तिसरें क्षेत्र उघडें ठेविलें.

फळ लवकरच दिसूं लागलें. सोग्नडालच्या पाण्यांत सल्फेट व अॅल्युमिनियम वाढलें आणि पीएच उतरला. रिस्डाल्सहेयाच्या शुद्ध पाण्याच्या छपराखालून येणाऱ्या ओहोळांत सल्फेट व नायट्रेट झपाट्यानें कमी झालें. माती तीच, झाडोरा तोच. बदलला तो पाऊस, आणि त्यासरशीं पाणी बदललें. रोझेनक्विस्ट यांच्या आक्षेपास याहून स्पष्ट उत्तर देणें कठीण होतें. तथापि एका बाबतींत त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. छपराखालच्या पाण्याचा पीएच अपेक्षेइतका वर चढला नाहीं. कारण पालापाचोळ्यांतून येणारीं सेंद्रिय अम्लें तेथें होतींच आणि गंधकाम्ल कमी होतांच तीं आपला प्रभाव दाखवूं लागलीं. या प्रयोगांच्या आंकड्यांशीं मॅजिकचीं उत्तरें ताडून पाहण्यांत आलीं आणि १९९० सालीं तीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. मुख्य दिशा प्रतिमानानें बरोबर सांगितली होती. पुढें १९९१ सालीं स्वीडनमध्यें गोर्डशोन येथें झाडांच्या शेंड्यांखालीं सुमारें ६३०० चौरस मीटरांच्या पाणलोटावर असेंच छप्पर घालण्यांत आलें. वरून येणारें गंधक थांबलें, तरी मातींत सांठलेलें सल्फेट वर्षानुवर्षें बाहेर येत राहिलें. रोग शीघ्र आणि आरोग्य मंदगतीनें, हें जें प्रतिमान सांगत होतें, तें येथें डोळ्यांनीं दिसलें.

अमेरिकेंत मेन संस्थानांत बेअर ब्रूक येथें जुळ्या भावांसारखे दोन पाणलोट निवडले गेले. पूर्वेकडील तसाच ठेवला आणि पश्चिमेकडील पाणलोटावर नोव्हेंबर १९८९ पासून वर्षांतून सहा वेळां हेलिकॉप्टरमधून अमोनियम सल्फेट टाकण्यांत आलें. हा क्रम पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला. ओढ्यांत सल्फेट, कॅल्शियम व अॅल्युमिनियम वाढलें. त्याचबरोबर नायट्रेटहि वाढलें. येथें मॅजिकचें एक मोठें व्यंग उघडें पडलें. मूळच्या प्रतिमानांत नत्राचा हिशेब फारच ढोबळ होता. येणाऱ्या नत्राचा अमुक अंश जमीन धरून ठेवते, एवढेंच गृहीत धरलें होतें. परंतु झाडें व मातींतील सूक्ष्मजंतु नत्राचा व्यवहार इतक्या सरळपणें करीत नाहींत. पुढें २००१ सालीं प्रतिमानाची सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत नत्राचीं समीकरणें नव्यानें घालण्यांत आलीं.

तिसरी परीक्षा भूतकाळाची. तळ्याच्या तळाशीं वर्षानुवर्षें गाळ बसतो आणि त्या गाळांत डायाटम नांवाच्या सूक्ष्म शेवाळांचीं गारेचीं कवचें अभंग राहतात. डायाटमच्या कांहीं जाती अम्लयुक्त पाण्यांत वाढतात, कांहीं उदासीन पाण्यांत. गाळाचें वय शिशाच्या किरणोत्सर्गी प्रकारावरून ठरवितां येतें. म्हणून कोणत्या थरांत कोणत्या जाती आहेत हें पाहिलें कीं, त्या काळीं तळ्याचा पीएच काय होता, हें बरेंचसें कळतें. ही जणूं निसर्गाची बखरच होय. आणि ती लिहिणाऱ्यास कोणाची बाजू घ्यावयाची नव्हती! स्कॉटलंडांतील गॅलोवे प्रांतांत राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड नांवाचें ग्रॅनाइटच्या डोंगरांत वसलेलें तळें आहे. फ्लॉवर व बॅटरबी यांनीं १९८३ सालीं दाखविलें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या तळ्याचा पीएच सुमारें ५·५ वरून पांचाच्या खालीं उतरला. याच्या पाणलोटांत कोणी नवें वन लावलेलें नाहीं. तेव्हां वनरोपणामुळें अम्लता आली, हा युक्तिवाद येथें टिकत नाहीं.

याच काळांत एक चमत्कारिक पण स्तुत्य घटना घडली. ब्रिटनचें वीजमंडळ व कोळसामंडळ यांनीं, म्हणजे ज्यांच्यावर आरोप होता त्यांनींच, १९८३ सालीं पन्नास लक्ष पौंड देऊं केले आणि ब्रिटन, नॉर्वे व स्वीडन येथील तिन्ही विद्वत्संस्थांनीं मिळून या प्रश्नाचा स्वतंत्र तपास करावा असें ठरलें. सर जॉन मेसन यांनीं त्याचें संचालन केलें आणि १९९० सालीं लंडन येथील परिषदेंत त्याचे निष्कर्ष मांडले गेले. डायाटमची साक्ष व मॅजिकचें गणित हीं दोन्ही त्यांत समोरासमोर ठेवण्यांत आलीं. अम्लपर्जन्य हेंच तळ्यांच्या बिघाडाचें मुख्य कारण, यासंबंधीं वाजवी शंकेस जागा उरली नाहीं. तत्पूर्वींच १९८६ सालीं ब्रिटननें आपल्या कांहीं मोठ्या वीजकेंद्रांना गंधक काढणारीं यंत्रें बसविण्याचें जाहीर केलें होतें.

परंतु सर्वच ठिकाणीं बखर व गणित यांचा मेळ बसला नाहीं. अॅडिराँडॅकच्या तळ्यांविषयीं मॅजिकनें मागें जाऊन सांगितलें कीं, कारखान्यांपूर्वीं हीं तळीं पुष्कळच कमी अम्लयुक्त होतीं. डायाटमनीं सांगितलें कीं, त्यांतील बरींच तळीं पूर्वींहि थोडीफार अम्लयुक्तच होतीं; बिघाड झाला हें खरें, पण गणित म्हणतें तितका नव्हे. दोहोंपैकीं चूक कोणाची? शोध करतां असें ठरलें कीं, गणितांत सेंद्रिय अम्लांचा हिशेब नीट धरलेला नव्हता. रिस्डाल्सहेयाच्या छपराखालीं ज्यांनीं पीएच दाबून धरला, तींच हीं अम्लें! तीं योग्य रीतीनें हिशेबांत घेतांच दोन्ही साक्षी एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या. प्रतिमानाच्या चुकीमुळें येथें शास्त्राची हानि झाली नाहीं; उलट जी गोष्ट नजरेआड होती ती उजेडांत आली.

नव्वदीच्या दशकांत या परीक्षांविषयीं विद्वानांत तात्त्विक चर्चाहि झाली. नेओमी ओरेस्केस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत असें प्रतिपादिलें कीं, भूमि, पाणी, हवा यांसारख्या खुल्या व्यवस्थांचें कोणतेंहि प्रतिमान सत्य म्हणून सिद्ध करतां येत नाहीं. फार तर त्याला पुष्टि मिळते. १९९६ सालीं किर्चनर आदि शास्त्रज्ञांनीं आग्रह धरला कीं, प्रतिमान आंकड्यांशीं जुळतें एवढें पुरेसें नाहीं. तें चुकीचें असेल तर नापास होईलच, अशी परीक्षा घेतली पाहिजे. जी परीक्षा कोणींहि उत्तीर्ण होऊं शकतो, तिच्या प्रमाणपत्रास किंमत काय?

सर्वांत कठोर परीक्षक मात्र काळ ठरला. १९७९ सालीं जिनेव्हा येथें युरोप व उत्तर अमेरिकेंतील राष्ट्रांनीं हद्दीपलीकडे जाणाऱ्या हवेच्या दूषणाविषयीं करार केला. १९८५ च्या हेलसिंकी करारानें गंधकाचा धूर सरसकट तीस टक्क्यांनीं कमी करण्याचें ठरलें. १९९४ च्या ओस्लो करारांत एक पाऊल पुढें टाकण्यांत आलें. कोणत्या प्रदेशाची भूमि किती अम्ल सोसूं शकते, याचा गणिती अंदाज घेऊन प्रत्येक देशाचा वांटा ठरविण्यांत आला. अमेरिकेनें १९९० सालीं कायदा केला आणि २०२० पर्यंत तेथील वीजकेंद्रांच्या गंधकधुराचा नऊ-दशांशाहून अधिक भाग नाहींसा झाला. अशा रीतीनें दोन खंडांवर एकाच वेळीं पाऊस बदलला. छपराखालचा प्रयोग आतां उघड्यावर, हजारों तळ्यांवर होऊं लागला.

त्याचें फळ संमिश्र आलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, सल्फेट जवळजवळ सर्वत्र उतरलें. युरोपांतील पुष्कळ पाणी सुधारूं लागलें. परंतु उत्तर अमेरिकेच्या कित्येक भागांत सुधारणा अपेक्षेहून फारच मंद होती. कारण हबर्ड ब्रूकच्या नोंदींनीं १९९६ सालींच सांगितलें होतें. मातींतील कॅल्शियम व मॅग्नेशियम पूर्वींच्या अम्लपर्जन्यानें इतकें धुऊन नेलें होतें कीं, खर्च कमी झाला तरी मुद्दल भरून येईना. ही गोष्ट पडताळून पाहण्यासाठीं १९९९ च्या ऑक्टोबरांत तेथील सुमारें १२ हेक्टरांच्या एका पाणलोटावर कॅल्शियमयुक्त खनिजाची पूड हेलिकॉप्टरमधून टाकण्यांत आली. पुढील वर्षांत तेथील शुगर मेपलच्या झाडांची प्रकृति सुधारली. भूमीचें धन खरोखरच वाहून गेलें होतें, याची ती साक्ष होय. आणखीहि एक अनपेक्षित गोष्ट घडली. सल्फेट उतरूं लागलें तसतसें उत्तरेकडील कित्येक तळ्यांचें पाणी तपकिरी होत चाललें; मातींतील सेंद्रिय द्रव्य अधिक विरघळूं लागलें. अम्लपर्जन्य ओसरल्याचाच हा परिणाम होय, असें २००७ सालीं दाखविण्यांत आलें. आरंभींच्या प्रतिमानांनीं ही गोष्ट मुळींच वर्तविली नव्हती.

आपल्या देशाचा यांत कितपत संबंध येतो, असा प्रश्न साहजिक आहे. भारतीय हवामान खात्यानें पुणें, नागपूर आदि ठिकाणीं पावसाच्या रसायनाच्या नोंदी ठेवण्याचें काम सत्तरीच्या दशकापासून चालविलें. त्यांतून व पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेच्या अभ्यासांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. आपल्याकडील हवेंत मातीची धूळ विपुल असते आणि तींतील कॅल्शियम गंधकाम्लाचें पुष्कळसें निवारण करतें. म्हणून धुराचें प्रमाण वाढूनहि आपला पाऊस युरोपांतल्यासारखा अम्लयुक्त झाला नाहीं. परंतु नॉर्वेच्या मातीसाठीं जुळविलेलें प्रतिमान जसेंच्या तसें सह्याद्रीस लावतां येणार नाहीं, हेंहि यावरून उघड होतें. प्रत्येक भूमीचा जमाखर्च तिच्याच वहींत मांडावा लागतो.

या सर्व इतिहासाचा विचार करतां असें दिसतें कीं, प्रतिमानांनीं मोठ्या गोष्टी बरोबर सांगितल्या: अम्ल आकाशांतून येतें, भूमीचें धन खर्ची पडतें, आणि धूर कमी केला तरी भूमि हळूहळूच सांवरते. ज्या गोष्टी चुकल्या त्या सेंद्रिय अम्लांच्या, नत्राच्या आणि पाण्याच्या वाटांच्या. त्या चुका कळून आल्या त्या संगणकापुढें बसून नव्हे. छपरें बांधून, गाळ उपसून आणि पावसापाण्याचें पृथक्करण दशकानुदशकें करून त्या कळून आल्या. राष्ट्रांनीं अपुऱ्या ज्ञानावर मोठे निर्णय घेतले हें खरें. परंतु तें ज्ञान अपुरें कोठें आहे, हें शास्त्रज्ञांनीं लपविलें नाहीं, म्हणूनच ते निर्णय टिकले. हबर्ड ब्रूकच्या रानांत १९६३ सालीं सुरू झालेली पावसाची व ओढ्याची तपासणी साठ वर्षांनंतरहि चालूच होती. भूमीचें गेलेलें धन केव्हां परत येईल, या प्रश्नाचें खरें उत्तर अखेरीस त्या नोंदवहींतच सांपडावयाचें आहे.